वाढत्या कोंबडीचं खाद्य: पिशवीवरचं चित्र नको, मागचा तक्ता वाचा

माझी पहिली दोन पिल्लं सात आठवड्यांची असताना मी लेयर मॅशची, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या दळलेल्या खाद्याची, पिशवी घेऊन आलो. पिशवीवर लालबुंद तुऱ्याची कोंबडी, शेजारी अंड्यांची रास. पुढे अंडीच हवीत ना, मग हेच खाद्य, एवढाच हिशोब. अकरा दिवस तेच घातलं. बाराव्या दिवशी सहज पिशवी उलटी केली तर मागच्या तक्त्यात कॅल्शियम ३.८ टक्के. तेव्हा पोटात गोळा आला.

का आला, ते आधी सांगतो, कारण खाद्य निवडण्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यातलं जवळपास निम्मंच अंगी लागतं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला रोज ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जावं लागतं. दिवसाला ११० ग्रॅम लेयर खाद्य खाल्लं की तेवढं मिळतं. सात आठवड्यांचं पिल्लू दिवसाला ४५-५० ग्रॅम खातं आणि त्याला पुरतं अर्धा ग्रॅम. लेयर खाद्यातून त्याला मिळतं पावणेदोन ग्रॅम, साडेतीन पट. अंडं तर घालायचं नाही, मग ते जायचं कुठे? भार येतो मूत्रपिंडांवर. ती खराब होतात, युरिक अ‍ॅसिड अंगात साठतं आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर चढतो. वाईट म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. पिल्लू उड्या मारत असतं आणि कित्येक महिन्यांनी, ऐन अंड्यावर आल्यावर, एका सकाळी मेलेलं सापडतं.

माझी दोन्ही वाचली. अकराच दिवस होते म्हणून.

आधी वय, मग जात

दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: पिल्लू किती आठवड्यांचं आहे आणि ते कुठल्या कुळीचं आहे. अंडी देणारी हलकी जात, दोन्हींसाठी पाळतात ती मध्यम जात, की मांसासाठीचं झपाट्याने वाढणारं ब्रॉयलर पिल्लू.

वय माहीत नसेल तर पिसांवरून अंदाज येतो. अंगभर नुसती लव असेल तर पहिला आठवडा. पंखांची पिसं आली आहेत पण मान-पाठ अजून लवेची, म्हणजे दोन ते चार आठवडे. अंगावर कुठेच लव उरली नसेल तर सहा आठवडे झाले समजा. त्यापुढे तुरा बघायचा: फिकट आणि बारका असेल तर तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वाढीवरच आहे, मोठा होऊन लाल व्हायला लागला की अंड्याचे दिवस जवळ आले.

हलक्या आणि मध्यम जातींसाठी ढोबळ वेळापत्रक असं आहे. जन्मापासून सहा ते आठ आठवडे चिक किंवा स्टार्टर खाद्य: प्रोटीन १८ ते २० टक्के, कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास. तिथून सोळा-अठरा आठवड्यांपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयाचं खाद्य: प्रोटीन १५ ते १७ टक्के, कॅल्शियम तेवढंच. पहिलं अंडं आलं की लेयर: प्रोटीन १६ ते १८ टक्के, कॅल्शियम ३.५ ते ४.५ टक्के. प्रोटीनचा आकडा शेवटी पुन्हा चढतो हे पाहून पुष्कळ जण गोंधळतात. ग्रोअर १६ टक्के, लेयरही १६ टक्के, मग फरक काय? फरक कॅल्शियमचा. म्हणून माझ्या मते तक्त्यात पहिली नजर प्रोटीनवर नाही, कॅल्शियमवर टाकावी. वाढत्या पिल्लाच्या पिशवीवर तो आकडा दीडच्या पुढे दिसला की पिशवी खाली ठेवा.

बँटम, म्हणजे ठेंगू जातीच्या कोंबड्यांना खाद्य हेच. फक्त त्या कमी खातात.

ब्रॉयलर पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याच्या स्टार्टरमध्ये २२-२३ टक्के प्रोटीन असतं आणि ते खाऊन सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या पुढे जातं. हाडं आणि हृदय त्या वेगाला पुरत नाहीत. असं पिल्लू जीव लावून पाळायचं असेल तर पोट भरून खाऊ घालणं हा जिव्हाळा नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्याला कमी प्रोटीनच्या ग्रोअरवर आणा, खाद्याचं भांडं दिवसातून काही तास उचलून ठेवा, पाणी आणि खाद्य लांब-लांब ठेवून त्याला चालायला लावा. एवढं करूनही त्याचं आयुष्य हलक्या जातीइतकं लांबत नाही, हे मनाशी धरूनच त्याला घरी आणा.

तक्ता कसा वाचायचा

पिशवीच्या मागे किंवा शिवणीतल्या चिठ्ठीवर हे आकडे असतात. क्रूड प्रोटीनपुढे, म्हणजे एकूण प्रोटीनपुढे, ‘किमान’ लिहिलेलं असतं, फायबरपुढे ‘कमाल’. पिल्लाच्या खाद्यात फायबर सात टक्क्यांच्या आत असावं. त्याहून जास्त म्हणजे कोंडा-टरफलं भरून वजन वाढवलेलं. आम्लात न विरघळणारी राख असा एक विचित्र आकडा काही पिशव्यांवर दिसतो. ती म्हणजे सोप्या भाषेत वाळू-माती, ती कमी तेवढी बरी. ओलावा अकरा-बारा टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण.

प्रोटीन नुसतं टक्क्यांत मोजून भागत नाही. मका-सोयाबीनच्या खाद्यात पहिल्यांदा कमी पडतं ते मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल, त्यामागून लायसिन. पिसं मुख्यतः प्रोटीनचीच असतात आणि वाढत्या वयात ती पुन्हा पुन्हा बदलतात, त्यामुळे ही तूट पिसांवर आधी दिसते. घटकांच्या यादीत मेथिओनिन वेगळं लिहिलेलं असेल तर ती पिशवी मी डोळे झाकून नाही, पण निश्चिंतपणे घेतो.

आणि तारीख. खाद्य कधी बनलं ते बघा. दळलेल्या खाद्यातली जीवनसत्त्वं हळूहळू मरतात, म्हणून बनल्यापासून दोन-अडीच महिन्यांत ते संपलं पाहिजे. इथे एक गणित मांडून बघा. हलक्या जातीचं एक पिल्लू पहिल्या सहा आठवड्यांत मिळून साधारण एक-सव्वा किलो खातं. तिथून अठराव्या आठवड्यापर्यंत आणखी पाच किलो. दोन पिल्लांसाठी ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून आणलं तर त्यातलं बहुतेक शिळं होऊन टाकावं लागेल. सुट्टं घ्यायचं तर ताजं पोतं फोडलेलं आहे का विचारा, मूठभर हातात घेऊन हुंगा. चांगल्या खाद्याला दळलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. कुबट, खवट किंवा गोळे धरलेलं नको.

औषधी की बिनऔषधी

पिल्लांच्या स्टार्टरमध्ये पुष्कळदा कॉक्सिडिओसिसविरुद्धचं औषध मिसळलेलं असतं. हा रोग म्हणजे रक्ती हगवण. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतड्यात वाढतात, तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना जास्त गाठतात. ओलसर भुशात पिल्लं दाटीने राहत असतील तर औषधी खाद्य घेण्यात शहाणपण आहे.

पण पिशवीवर औषधाचं नाव वाचा. अ‍ॅम्प्रोलियम असेल तर ते परजीवीला जीवनसत्त्व बी-१ चा आभास करून देऊन उपाशी मारतं, त्यामुळे सोबत बी-१ चं टॉनिक पाजलं तर औषधावर पाणी पडतं. पिल्लाला कॉक्सिडिओसिसची लस दिलेली असेल तर औषधी खाद्य देऊ नये, कारण लसही त्याच परजीवीची असते आणि औषध तिलाच मारून टाकतं. मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या लशीशी मात्र याचं काही वाकडं नाही. मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन लिहिलेलं असेल आणि घरी घोडा असेल तर ते पोतं त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा, थोडंसंही घोड्याचा जीव घेतं. अंडी सुरू होण्याआधी औषधी खाद्य कधी बंद करायचं तेही पिशवीवर असतं, नसेल तर पशुवैद्यांना विचारा.

मॅश, क्रम्बल, पेलेट

मॅश म्हणजे दळलेलं, क्रम्बल म्हणजे गोळ्या फोडून केलेली भरड, पेलेट म्हणजे अख्ख्या गोळ्या. पहिले काही आठवडे मॅश किंवा बारीक क्रम्बल. पेलेट दोन-अडीच महिन्यांनंतर, तेही चोचीत मावतील एवढेच.

मॅशची एक खोड आहे. भांड्याजवळ पाच मिनिटं बसून बघा. पिल्लू आधी मक्याचे पिवळे कण वेचतं, मग मोठे तुकडे, आणि तळाशी राखाडी भुकटी उरते. आपल्याला वाटतं भांडं भरलेलं आहे, आपण वरून नवीन ओततो. जीवनसत्त्वं, खनिजं, मेथिओनिन सगळं त्या भुकटीतच असतं! भांडं दिवसातून एकदा पूर्ण संपू द्या, मगच भरा. नाहीतर मॅश हाताला ओलसर लागेल एवढंच पाणी शिंपडून द्या आणि उरलेलं दोन तासांत काढून टाका, ओलं खाद्य उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. क्रम्बलमध्ये हा निवडानिवडीचा प्रश्नच येत नाही, म्हणून नवख्या माणसाला मी क्रम्बलच सुचवतो.

पहिला दिवस

अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते, तिच्यावर ते दोन-तीन दिवस तगतं. म्हणून प्रवासातून आलेलं पिल्लू उपाशी आहे म्हणून घाबरू नका, पण घाई मात्र करा. आधी कोमट पाणी. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला हलकेच टेकवा, फक्त चोच, नाकपुड्या नाही. ती पाणी प्यायला शिकली की कागदावर खाद्य पसरा आणि बोटाने टकटक करा, आई चोच मारते तशी. ब्रूडर, म्हणजे पिल्लांची उबेची जागा, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांवर हवा, गारठलेलं पिल्लू भांड्याकडे फिरकतही नाही.

रात्री झोपण्याआधी एकेक पिल्लू हातात घ्या आणि गळ्याच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजवीकडे, बोटाने चाचपा. खाल्लेलं असेल तर तिथे भिजवलेल्या वाटाण्यासारखी मऊ, फुगीर पिशवी लागते. नुसती पाण्याची असेल तर ती फुग्यासारखी लिबलिबते. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही. काहीच लागलं नाही तर त्या पिल्लाला वेगळं काढून पुन्हा शिकवायचं. ही तपासणी मी पहिले चार दिवस रोज करतो. तिच्याइतकं खरं कुठलाच तक्ता सांगत नाही.

किती घालायचं

हलक्या जातीचं पिल्लू पहिल्या आठवड्यात दिवसाला १०-१२ ग्रॅम खातं, सहाव्या आठवड्यात ४०-४५, बाराव्यात साठीच्या घरात, अठराव्यात ७५ ते ८५. पाणी याच्या साधारण दुप्पट, उन्हात त्याहून जास्त. वाढत्या पिल्लापुढे दिवसभर खाद्य असावं, मोजूनमापून देण्याचं हे वय नव्हे (ब्रॉयलर सोडून). हे आकडे कशाला, तर अचानक खाणं घटलं की लक्षात यावं म्हणून. उकाडा असेल तर खाणं घटतंच, तेव्हा भांडं पहाटे आणि संध्याकाळी भरा.

भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवी, आणि ती दर आठवड्याला वाढवत न्यायची. खाली ठेवलं की पिल्लं त्यात उभी राहतात, उकरतात, आणि निम्मं खाद्य विष्ठेत मिसळतं.

खाऊ, आणि तो नासवतो तो हिशोब

इथे माणसं हळवी होतात. ग्रोअर खाणारी तलंग दिवसाला ७० ग्रॅम खाते असं धरा. १६ टक्क्यांनी तिला ११.२ ग्रॅम प्रोटीन मिळतं. आता त्यातलं २० ग्रॅम काढून तांदळाची कणी दिली, जिच्यात ८ टक्केच प्रोटीन आहे, तर मिळतं ९.६ ग्रॅम. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेत १६ टक्क्यांच्या खाद्याचे आणि तलंग वाढतेय पावणेचौदा टक्क्यांवर. खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, तोही पिल्लू महिन्याचं झाल्यावर.

नुसत्या पांढऱ्या भातावर कोंबडीचं काय होतं हे तर वैद्यकाच्या इतिहासातच नोंदलेलं आहे. १८९० च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लटपटायला लागले, मग त्या कोसळल्या. लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. नवीन आचाऱ्याने तो द्यायचं नाकारलं, कोंबड्या पुन्हा कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. कोंड्याबरोबर जे निघून जात होतं तेच पुढे बी-१ म्हणून ओळखलं गेलं, आणि आइकमानना १९२९ चं नोबेल मिळालं. कोंबड्यांना त्याचं काय!

हिरवा पाला बारीक चिरून, उकडलेलं अंडं कुस्करून, किडे-अळ्या, हे चालतं. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, कच्चे सुके घेवडे-राजमा, हिरवट पडलेली बटाट्याची सालं, खारवलेलं काहीही आणि बुरशी आलेलं काहीही नको. मिठाचं पिल्लांना फारच वावडं असतं.

बाहेरचं काहीही खायला लागली की खडे हवेत. कोंबडीला दात नाहीत, पोटातली पेषणी हेच तिचं जातं, आणि जात्याला पाळ्या लागतातच. पिल्लांना मोहरीएवढी कठीण खडी, मोठ्यांना ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. नुसतं क्रम्बल खाणाऱ्या पिल्लाला तिची गरज नाही. शिंपल्यांचा चुरा म्हणजे खडी नव्हे. तो पोटात विरघळतो, ते कॅल्शियम आहे, आणि वाढत्या पिल्लापुढे तो ठेवायचा नाही.

बदल करताना आणि नंतर

स्टार्टरवरून ग्रोअरवर एका दिवसात उडी नको. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठवड्याभरात पूर्ण. पिल्लू त्या वेळी आजारी असेल किंवा नुकतीच जागा बदललेली असेल तर थांबा.

खाद्य लागू पडतंय का, हे दर आठवड्याला वजन करून कळतं. स्वयंपाकघरातला काटा, त्यावर एक टोपली, सकाळी खाण्याआधी. हलकी जात सहा आठवड्यांना चारशे-साडेचारशे ग्रॅम आणि अठराव्या आठवड्याला सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान असते. वजनाबरोबर छातीचं हाड चाचपा. सुरीच्या धारेसारखं टोचलं तर पिल्लू खंगतंय.

पायांकडे नजर असू द्या. बोटं आत वळून मुठीसारखी झाली तर बी-२ ची कमतरता असू शकते, मान मागे उलटी ताणली जात असेल तर बी-१ ची, हाडं मऊ होऊन चालणं अवघड झालं तर ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल बिघडलेला. जुनं, उन्हात पडलेलं खाद्य हे यामागचं नेहमीचं कारण. पण मॅरेक्समध्येही पाय लुळे पडतात, तेव्हा घरी निदान करत बसू नका, दाखवून घ्या. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी. मधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा पाहून मात्र दचकू नका, ती आंधळ्या आतड्याची, म्हणजे आतड्याच्या बंद टोकाच्या पिशवीतली, नेहमीचीच.

साठवण: झाकणाचा डबा, सावली, जमिनीपासून उंच. जुनं संपवून डबा पुसल्याशिवाय नवं ओतू नका. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, सगळं फेकायचं. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष उन्हात वाळवून किंवा भाजून पूर्ण जात नाही.

लहान-मोठी एकत्र असतील तर

अंड्यावरच्या कोंबड्या आणि वाढती पिल्लं एकाच खुराड्यात असतील तर सगळ्यांना ग्रोअर घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, मोठ्यांच्या उंचीला टांगून ठेवा. अंडं देणारी कोंबडी आपल्याला हवा तेवढा चुरा बरोबर खाते. कोंबडा असेल तर त्यालाही हीच सोय मानवते, त्याला लेयर खाद्याची गरज आयुष्यभर पडत नाही.

आणि लेयरकडे नक्की कधी वळायचं? कॅलेंडरवर अठरा आठवडे झाले म्हणून नाही. पहिल्या अंड्याच्या दहा-चौदा दिवस आधी तलंगेच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार व्हायला लागतो. तुरा लाल होणं, पाठीवर हात ठेवताच पंख पसरून बसणं, कोपऱ्यात जागा उकरून बघणं, ही त्या दिवसांची खूण. तेव्हा ग्रोअर चालू ठेवून शिंपल्यांची वाटी टांगा, आणि पहिलं अंडं हातात आलं की त्या दिवसापासून लेयर मिसळायला सुरुवात करा. पहिलं अंडं बहुधा लहानसं, कधी मऊ कवचाचंही निघतं. दोन-तीन आठवड्यांनीही कवच पातळच राहिलं तर आधी वाटी रिकामी झाली आहे का ते बघा.